कोणाच्याच कामाचं नसलेलं जहाज

माझ्या टेबलावर गेलं वर्षभर एक युद्धनौका उभी आहे. अमरावतीत. समुद्र मी आयुष्यात मोजक्या वेळा पाहिला, तोही ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलो तेव्हा, उभ्या उभ्या. किटचं खोकं उघडलं तेव्हाच बायकोने विचारलं होतं, "जहाजच कावून?" मी तिला नीट उत्तर दिलं नाही. खरं उत्तर हे, की वऱ्हाडात जहाजाचं काम कोणालाच पडणार नाही.

आमचं गाव वलगावच्या पुढे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्याचा अभिमान मी लपवत नाही. पण घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणजे चौकातला हातपंप. जो येईल तो दांडा हलवणार. पीक विमा, भाच्याचं अ‍ॅडमिशन, काकूचे दवाखान्याचे रिपोर्ट, कोणाच्या तरी जावयाची बदली. सोमवार ते शनिवार माझं अकोल्याला अप-डाऊन असतं. रविवारी गाव माझ्याकडे अप-डाऊन करतं. मी कधी नाही म्हटलं नाही. चांगलंही वाटायचं. फक्त संध्याकाळी पाठ टेकली की वाटायचं, अख्ख्या आठवड्यात स्वतःहून हातात घेतलेली अशी एकही गोष्ट नव्हती.

लहानपणी मी धांड्याच्या बंड्या करायचो. ज्वारीचा वाळलेला धांडा सोलायचा, आतला पांढरा गाभा कापून घ्यायचा आणि सालीच्या काड्या त्यात टोचत बैलबंडी उभी करायची. बाकी पोट्ट्यांची बंडी म्हणजे दोन चाकं आणि एक दांडी. माझ्या बंडीच्या चाकाला आमच्या खऱ्या बंडीएवढेच आरे असायचे. दहावीच्या वर्षी बाबांनी सांगितलं, "आता हे बंद. तुले शिकाचं आहे." बंद केलं. शिकलो. मग नोकरी, लग्न, घर, मुलीचं शिक्षण.

गेल्या वर्षी परतीची गाडी मूर्तिजापूरला रखडली होती. मोबाइलवर एक परदेशी म्हातारा चिमट्याने जहाजाचा कठडा चिकटवताना दिसला. त्याची बोटं मला ओळखीची वाटली. त्याच आठवड्यात किट मागवलं. एकास साडेतीनशे माप. खऱ्या जहाजावरचा माणूस इथे गव्हाच्या दाण्याएवढाही भरत नाही. प्लास्टिकच्या चौकटीतून सुटा भाग कापायचा, कापलेली जागा घासायची, रंग द्यायचा, वाळू द्यायचा. घाई केली की बोटाचा ठसा उमटतो. कोणी घाईही करत नव्हतं. जहाज मला काही विचारत नव्हतं.

मग मुलीने फॅमिली ग्रुपवर त्याचा फोटो टाकला.

पुढच्याच रविवारी सकाळी दादा आला. दादा माझ्याहून मोठा. मी शिकावं म्हणून तो नववीतून शेतावर गेला आणि हे त्याने मला आजवर एकदाही ऐकवलेलं नाही. म्हणूनच त्याच्यापुढे माझं काही चालत नाही. वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची पिशवी त्याने बायकोच्या हाती दिली आणि टेबलापाशी येऊन वाकून पाहिलं.

"हे व्हय काय ते? पान्यात चालते?"

"नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. ठेवाचं."

"बाप्पा! साहेब लोकायचे शौक." तो हसला, खुर्ची ओढून बसला. "बरं, ऐक. देवळाचा सभामंडप नवा बांधाचा आहे. इंजिनेराचा नकाशा कोनाले समजून नाही राह्यला. तू त्याचं असं मॉडेल करून दे. खांब, शिखर, सगळं. काचेच्या पेटीत ठेवू."

"हे कोणी ठरवलं?"

"कोनी म्हंजे? मीच. मीटिंगमधी सांगतलं, आमचा लहाना असं बारीक काम करते म्हनून. शब्द देऊन बसलो. खाली पाटीवर तुह्यं नाव लिहू, डिग्रीसकट. पोट्टे वाचतीन."

त्याचा चेहरा खुलला होता. माझं भलं करायला आला होता तो. मी जहाजाकडे पाहिलं. देवळानंतर काय काय येणार ते मला तिथे बसल्या बसल्या दिसत होतं. शाळेतल्या पोरांचे प्रोजेक्ट, कोणाचा बंगला, कोणाची कापसाची जिनिंग. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी माझ्या वतीने शब्द देऊन बसलेला.

"नाही जमणार, दादा."

"आता नाही तं दिवायीनंतर कर."

"दिवाळीनंतरही नाही."

"टाइम नाही काय?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण जहाज समोर होतं आणि मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"टाइम आहे. तो ह्यालेच द्याचा आहे."

"देवापेक्षा हे मोठं?"

"मोठं नाही. पन मले एक काम असं पायजे, का जे मले कोनंच सांगतलेलं नाही."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर न मारताच प्यायला. "मी शब्द देला होता," एवढंच म्हणाला. वाद नाही, चढा आवाज नाही. फाटकाशी गाडीला किक मारताना त्याने मागे पाहिलं नाही. तो गेल्यावर मी चिमटा उचलला, पण काही चिकटवलं नाही. भाग परत डबीत ठेवून दिला. चाळीस वर्षांत मी त्याला नाही म्हणालो नव्हतो, आणि म्हणालो ते एका प्लास्टिकच्या जहाजासाठी.

दोन आठवड्यांनी देवळाच्या कमिटीतल्या काकांचा फोन आला. मी कठडा चिकटवत होतो. फोन खांद्याने कानाशी धरला.

"साहेब, डोये कसे हायेत आता?"

"डोळे?"

"मोतीबिंदूचं आपरेशन झालं म्हने. तुमचे दादा सांगत होते. मॉडेलचं काही मनावर घेऊ नका. आदी डोये संभाळा."

चिमट्याच्या टोकाला केसाएवढा कठडा लटकत होता. मी म्हणालो, "बरे आहेत आता. पण बारीक काम जमत नाही."

फोन ठेवला आणि दादाला लावला. "मोतीबिंदू कावून सांगतला?"

"मंग काय सांगू? पन्नाशीचा मानूस घरी खेळून राह्यला, त्याले देवासाठी टाइम नाही, हे सांगू?"

पलीकडे त्याच्या शेतातली मोटर ऐकू येत होती.

"भूमिपूजनाले येशीन तं काया चष्मा घालून ये," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर रविवार मोकळे झाले. ज्याचे डोळे गेले त्याच्याकडे फॉर्म कोण आणणार? जे मला हवं होतं ते मिळालं. तरी फाटक वाजलं की मान वर होते. दूधवाला असतो. दादा अजून आलेला नाही. वांगी पाठवतो, गावचं कोणी अमरावतीला निघालं की त्याच्या हाती.

भूमिपूजन पुढच्या महिन्यात आहे. अकोल्याच्या स्टेशनबाहेर एका हातगाडीवर काळे चष्मे लटकवलेले असतात. परवा संध्याकाळी गाडीला अवकाश होता, म्हणून तिथे थांबलो. दिवसभर फायली वाचून डोळे तसेही चुरचुरत होते. गाडीवाल्याने छोटा आरसा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "धूप के लिए?"

"हो," म्हणालो, आणि त्यातल्या त्यात मोठा होता तो घेतला.