फॉरेस्टातली वाट आणि ऊसवाल्यांचा पाट

शेळगावच्या वर फॉरेस्टात एक टेकडी आहे, माथ्यावर बिरोबाचं ठाणं. तिथवरची वाट आमच्या मेंढरांनीच पाडलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेंढरं विकली, आणि मग ती वाट माझ्या जुन्या राजदूत फटफटीनं चालू ठेवली. हौस म्हणून नव्हे. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे गेले होते आणि अमावास्येला देवापुढं नारळ फोडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. चढ असा, की आबा मागून माझ्या कमरेला मिठी मारून बसत. एरवी त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही.

वाट राखावी लागे. चाकाची चाकोरी पडली की पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं. म्हणून मी वाटेवर जागोजागी तिरके दगड पुरले होते. पाणी दगडाला अडायचं आणि बाजूच्या झाडीत उतरायचं. एवढी साधी गोष्ट, पण कालव्याखालच्या ऊसवाल्यांना कळेल तर शपथ!

त्यांची पोरं बारामतीहून कोऱ्या करकरीत गाड्या आणायची आणि चढावर पैजा लावायची. जागच्या जागी चाक फिरवून माती उधळायची, वर पोचल्यावर देवाकडं पाठ करून केस विंचरायचे, हाच त्यांचा पराक्रम. माझ्या दगडांनी त्यांना हिसके बसत. मग एका पोराचा बाप, कारखान्याचा सभासद म्हणून मान ताठ ठेवून चालणारा बागायतदार, गडी घेऊन आला. त्यानं दगड उपटले आणि वाटेच्या मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ पाट काढला. उसाला काढतात तसाच.

वयानं मोठा, म्हणून तोंडावर तात्या म्हणावं लागे. "तात्या, ह्यो डोंगर हाय, उसाचं रान न्हाय. पानी सगळी वाट घिऊन जाईल."

"पान्याला वाट दिली की ते गप जातंय," तो म्हणाला. "आमी जलमभर पानीच दिलंय. तुमाला मेंढरामागं फिरून काय कळणार?"

कालव्याचं आयतं पाणी दारं धरून उसाला पाजणारा हा दीडशहाणा! आभाळातून पडतं ते पाणी त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

परतीच्या पावसानं त्या पाटाची घळ केली. अमावास्येला आबांना घेऊन गेलो, तर पहिल्याच वळणावर गाडी अडली. आबा उतरले, घळ बघून थुंकले, आणि तिथल्याच दगडावर नारळ फोडून म्हणाले, "देवा, आता तूच ये खाली."

हिवाळाभर मी घळ बुजवत होतो. संध्याकाळी आबा विचारायचे, "झाली का रं वाट?"

"होतीय, आबा."

वरचं वळण तेवढं राहिलं होतं, आणि आबा गेले. तरी मी वाट पुरी केली. कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही. तिरके दगड परत पुरले, आणि पुढच्या पावसात ती जागची हलली नाही.

मग आयत्या बिळावर नागोबा यावा तसा तो बागायतदार पोराच्या मागं बसून माथ्यावर आला. मी देवापुढं उभा होतो. "बगितलंस?" तो हसत म्हणाला. "मी पाट काढला म्हनून वाट टिकली."

आणि कपाळाला भंडारा लावून घ्यायला त्यानं माझ्यापुढं मान वाकवली. बिरोबाच्या ठाण्यावर भंडारा कुणाला नाकारत नाहीत, वैऱ्यालाही नाही. माझ्या मुठीत भंडारा होता. मी मूठ उघडली नाही.