खंड्याचा गंज

पॉलिश पेपरने पुस्तक साफ करू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. असतं, तर माझी अशी शोभा झाली नसती!

माझ्या मुलीचा, मानसीचा, साखरपुडा ठरला. मुलगा शिरगावचा. होणारे व्याही विनायकराव निवृत्त शिक्षक आणि पक्षीवेडे. मानसीने बजावलं, "बाबा, त्यांना शाल नको. पक्ष्यांच्या चित्रांचं एक दीडशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे, त्याची हुबेहूब प्रत निघालीय. तीच द्यायची."

मागवली. (भाव करून! बोईसरला हेल्परचा लेथमालक झालो, तो काय छापील किंमत मोजून?) चामडी बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आत पानोपानी गंजासारखे तपकिरी डाग! एका खंड्याच्या तर थेट चोचीवर!

डोकं सटकलं. दुकानदाराला फोन लावला.

"नवं म्हणून जुनं खपवता?"

"साहेब, नवंच आहे. मूळ पुस्तकावरचे डागसुद्धा जसेच्या तसे छापलेत."

"मग डागांचे पैसे कापा!"

"डाग छापायलाच जास्त खर्च आलाय, साहेब."

फोन आपटला. डाग कोणी छापतं? मला काय दूधखुळा समजतो?

बायको खोडरबर घेऊन बसली. डाग हलेना. ओलं फडकं फिरवलं, तर पान फुगलं.

"अहो, राहू द्या. छापलेलाच असेल."

"गंज तुला कळतो की मला?" मी गरजलो.

वर्कशॉपात गंज दिसला की झिरो नंबरचा पॉलिश पेपर, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. अगदी हलके चार हात मारले. डाग गेला! चोचही गेली. खंड्या पैठणी नेसलेल्या चिमणीसारखा दिसू लागला.

साखरपुडा दुसऱ्याच दिवशी. नवी प्रत आणणार कुठून? "एवढ्या पाहुण्यांत पानं कोण उलटतंय?" असं म्हणत बायकोने ते रंगीत कागदात गुंडाळलं.

विनायकरावांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर पानं उलटली! खंड्यापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"याची चोच कुठं हाय?"

मानसी पांढरीफटक. पोरीचं जमलेलं लग्न मी चोचीपायी मोडणार! आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता कबूल झालो, "गंज समजून घासली."

मग विनायकराव असे हसले, की मांडीवरचं पुस्तक घसरलं.

"अवो, आमी पोरगी बघायला आलो, तेव्हा बाप एवढा मेहनती हाय, हे कोणी सांगितलंच नाय!"

साखरपुडा झाला. लग्नही झालं. व्याही आता येईल त्याला तेच पान दाखवतात. परवा जुन्या पुस्तकांचा एक शौकीन आला होता म्हणे. "चोचवाल्या प्रती पुष्कळ मिळतील. बिनचोचीची जगात एकच. तुम्ही म्हणाल तो भाव देतो!" म्हणाला. व्याह्यांनी "नाय" म्हणून चहा पाजला आणि वाटेला लावलं.

जगात एकच! माझ्या हातची! आणि आख्खा जन्म भाव करण्यात घालवलेला मी, ती वर पेढ्यांचा पुडा ठेवून फुकट देऊन आलो!