काट्यावरचा कढीपत्ता

कुमुद गेल्याचं तिच्या वहिनीने फोनवर सांगितलं, आणि मी चप्पल पायात सरकवते न सरकवते तोच आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास वगैरे वगैरे... आणि त्या रांगेच्या मधोमध एका गृहस्थांचा संदेश: 'ताई एवढ्या विद्वान, पण स्वतःच्या वजनाकडे लक्ष द्यायला हवं होतं.' त्याखाली कुणीकुणी अंगठेही उंचावले होते. मदन महलच्या आमच्या गल्लीत मी तो संदेश पुन्हा एकदा वाचला. रडू आलंच नाही, शिसारी आली. त्याला आता काही आठवडे झाले, तरी ती जात नाही. हा लेख त्या शिसारीतूनच लिहिला जातो आहे, हे आधीच सांगून टाकते. हळवं काही वाचायला मिळेल म्हणून ज्यांनी पुरवणी उघडली असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

कुमुद माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि शेवटपर्यंतची शेजारीण. लहानपणापासून जाड. तिची आई जाड, आजी जाड. शाळेत तिला काय काय म्हणायचे ते इथे लिहिणार नाही, कारण म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ही पुरवणी वाचतात आणि आता आजोबा झाले आहेत. ती हसायची. पण घरी येताना एकदा तिने मला विचारलं होतं, "आपण दोघी एकाच डब्यातलं खातो, मग मीच काहून फुगून राहिली?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं असेल. तिने मात्र तो प्रश्न सोडला नाही. जीवशास्त्र शिकली, डॉक्टरेट केली आणि इथल्याच एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांमध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली. मधल्या काळात तिला पाहायला लोक आले, पोहे खाऊन गेले आणि मुलगी 'भरलेली' असल्याचा निरोप पाठवून मोकळे झाले. अशा एका घरच्या मंडळींनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले होते. कुमुदने पुढे लग्नाचा विषयच काढू दिला नाही.

तिचा अभ्यासाचा विषय म्हणजे, गर्भारपणात आई फार लठ्ठ असेल तर पोटातल्या बाळाच्या जनुकांचं कामकाज कसं बदलतं. मी रेल्वेच्या कचेरीत फायली हलवणारी बाई, मला यातलं काय कळणार? एकदा तिच्या स्वयंपाकघरात तिने विजेच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. एका बटणावर वहिनीने चिकटपट्टी लावून ठेवली होती, चुकून कुणी गीझर लावू नये म्हणून. "तार तुटली का? नाही. बटण मोडलं का? नाही. फक्त पट्टी लागली आहे. जनुक तसंच्या तसं असते, त्याच्यावर अशा बारीक खुणा पडतात. काही कामं मंद होतात, काही जास्त जोरात चालतात. भूक कधी लागायची, चरबी कुठं साठवायची, यकृतानं साखरेचं काय करायचं, यातलं बरंच तिथं ठरते. पण पट्टी म्हणजे नशीब नाही. काही खुणा पुढं पुसट होतात, काही राहतात, कोणत्या ते आम्ही अजून शोधूनच राहिलो. अन् आईला उपाशी ठेवलं, तरी खुणा पडतातच. बापाचं खाणंपिणंसुद्धा हिशेबात येते. हे कोणी ऐकतच नाही." हे शेवटचं वाक्य ती नेहमी जरा मोठ्याने म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला भाषण द्यायला बोलावलं. कुमुदने अगदी हेच सांगितलं, पट्टीसकट. तिचं म्हणणं असं की बायकांना लग्नाआधीपासून चांगलं खायला द्या, चालायला वेळ द्या, घाबरवू नका. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या, वाण घेतलं आणि घरी जाताना एकच गोष्ट बरोबर नेली: जाड आई, बिघडलेलं मूल. पुढच्याच महिन्यात मंडळाचा वधू-वर मेळावा होता. कुमुद पाहुणी, मी तिच्यासोबत. सभागृहाच्या दारात अत्तर आणि गुलाबपाण्याशेजारी वजनकाटा मांडून ठेवलेला! चिटणीस पोट सावरत पुढे आले आणि कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमच्याच संशोधनाला मान म्हणून." काट्यावर फक्त मुलींनी चढायचं होतं. आणि त्यांच्या आयांनी. मुलं अन् त्यांचे बाप बाजूच्या टेबलाशी खव्याची जिलबी हाणत काट्याकडे बघत होते. एक मुलगी चपला काढून उभी होती, बांगड्याही काढू का, असं हळूच विचारत होती.

कुमुद चिटणिसांना म्हणाली, "अच्छा. आधी तुम्ही चढा भैया." ते हसले, चढले नाहीत. तिने वाकून काटा उचलला, बगलेत मारला आणि भाषण न करता बाहेर आली. ऑटोत बसल्यावर तिने काटा मांडीवर घेतला. "मी काय सांगून राहिली अन् हे काय ऐकून राहिले गं!" एवढंच म्हणाली. काटा तिने परत केला नाही. घराच्या मागच्या ओट्यावर ठेवला, त्यावर कढीपत्त्याची कुंडी चढवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या काट्याकडे बघायची. काटा खाली आला की माती सुकली, पाणी घालायचं. "बघ, वजन पाहायचं तर असं पाहावं, कोणाला काय कमी पडून राहिलं म्हणून," ती म्हणायची.

आता केतकीकडे येते. केतकी कुमुदच्या भावाची एकुलती मुलगी. भाऊ लवकर गेला, तेव्हा वहिनी आणि कुमुद दोघींनी मिळून तिला वाढवली. अंगाने ती आत्यावरच गेली आहे. अधारतालला दिली, नवरा कारखान्यात नोकरीला, सासू मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. केतकीला दिवस राहिले आणि सासूबाईंना ते हळदीकुंकवाचं भाषण आठवलं. दुधी उकडून, मूग उकडून, संध्याकाळी नुसतं ताक. रोज सकाळी वजन. वहिनी काही बोलायला गेली की एकच उत्तर यायचं, "तुमच्याच नणंदेनं सांगितलं आहे, आम्ही आपलं पाळून राहिलो."

डोहाळजेवण पाचव्या महिन्यातच उरकलं, कारण सातव्यापर्यंत पोरगी आणखी फुगेल आणि फोटो बरे येणार नाहीत. केतकीला फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवलं, समोर पुरणपोळी, मसालेभात, श्रीखंड असं भरलेलं ताट मांडलं. फोटो काढले. आणि फोटो झाल्यावर सासूबाईंनी ते ताट उचललं! डोळ्यांदेखत उचललं आणि आत नेलं. मुलगा की मुलगी ओळखायच्या त्या दोन झाकलेल्या वाट्यांखालीसुद्धा पेढा अन् बर्फी नव्हती, काकडीची फोड आणि गाजराची फोड होती. बायका हसल्या. केतकी मान खाली घालून गाजर खात होती. मी आयुष्यात बरंच हलकट वागणं पाहिलं आहे, पण गर्भार बाईच्या पुढ्यातलं ताट तिच्याच डोहाळजेवणात काढून घेणं... मला दुसरा शब्द सुचत नाही, किळसवाणं.

कुमुदला तेव्हा बरं नव्हतं. पोट एकाएकी वाढलं होतं, दम लागायचा. ती उठून कशीबशी केतकीशेजारी जमिनीवर बसली. कुमुदच्या पोटाकडे बघून सासूबाई खिदळल्या, "बाप्पा! ताई, हे तुमचंच डोहाळजेवण आहे का काय?" पुन्हा सगळ्या हसल्या. कुमुद शांतपणे म्हणाली, "हो ना. मला लई डोहाळे लागले आहेत. आणा ते ताट इकडे." पाहुणीला नाही म्हणता येईना. ताट आलं आणि कुमुदने त्यातला घास न् घास केतकीला भरवला. स्वतः एक कण खाल्ला नाही. तिला तेव्हा अन्न जातच नव्हतं, हे मला नंतर कळलं.

नेपियर टाउनमधल्या ज्या डॉक्टरांकडे ती कित्येक महिने पोट दुखतं म्हणून जात होती, त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मैडम, पहले वेट कम कीजिए, बाकी सब अपने आप ठीक हो जाएगा." पोटाला हात लावायची त्यांना गरज वाटली नाही. जाड बाईच्या पोटात चरबीखेरीज काय असणार? दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली तेव्हा अंडाशयाची गाठ पसरून गेली होती. आणि लोक म्हणतात, वजनाकडे लक्ष द्यायला हवं होतं. अहो, वजनाकडेच तर सगळ्यांचं लक्ष होतं! तिच्याकडे कुणाचं होतं?

शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून असायची. केतकीला सातवा सरत आला तरी सासूबाई माहेरी पाठवायला तयार नव्हत्या, 'तिथं खाऊ घालून बिघडवतील' म्हणून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाची वाढ कमी आहे, तर सासूबाई म्हणे खूशच झाल्या, बारीक आहे ना, बरं झालं. हे कुमुदच्या कानावर गेलं तेव्हा तिने डोळे मिटले. मग माझा हात धरून म्हणाली, "जन्मभर मी हेच सांगितलं का गं? माझ्याच नावानं त्या लेकराला उपाशी मारून राहिले... तिला घरी आण. जेवू घाल. मला दुसरं काही नको." हे तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं.

तेरवीला सगळे आले. चिटणिसांनी जेवणाआधी उभं राहून चार शब्द बोलायची हौस भागवून घेतली, ताईंच्या संशोधनाने आपल्या घरच्या सुनांना शिस्त लागली म्हणाले. मग पंगतीत जिलबी मागून मागून घेतली. केतकी सासूजवळ बसली होती, चेहरा ओढलेला, हातांच्या काड्या. मी मुद्दाम तिच्या पानात भात वाढला. सासूबाईंनी वरून हात आडवा केला, "पुरे तिला." मी त्या हाताकडे बघत उभी राहिले, भाताचं भांडं तसंच धरून. तेवढ्यात केतकीच बोलली, पंगतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "वाढ मावशी. मला भूक लागली आहे." सासूबाईंनी हात मागे घेतला. केतकीने वरण मागितलं, तूप मागितलं, पुन्हा भात घेतला. जेवून उठली आणि आईला म्हणाली, "माझी पिशवी आत ठेव. मी आता बाळंतपण होईस्तोवर इथंच आहे." चार माणसांत सासूबाईंनी मुकाट चपला पायात घातल्या. त्यांचा सगळा दम चार भिंतींतलाच होता.

तेव्हापासून केतकी इथंच आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा तपासलं आणि बाळ सुधारतंय म्हणाल्या. जन्माला येताना त्याच्यावर कुठल्या खुणा असतील, आईच्या जाडपणाच्या की आजीच्या उकडलेल्या दुधीच्या, ते सांगणारी बाई आता आमच्यात नाही. काल सकाळी मी गेले तेव्हा केतकी मागच्या ओट्यावर होती. सासूबाईंचा फोन आला. स्पीकरवर आवाज खणखणीत येत होता, "वजन केलं का आज? तुझ्या आत्याकडे काटा आहे ना, उभी राह्य अन् सांग."

केतकी खाली वाकली, कुंडीच्या आडून काट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काट्यावर जागा नाही, आई. आत्याचा कढीपत्ता आहे तिथं."

फोन ठेवून तिने तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं, फोडणीपुरती पानं खुडली आणि मला विचारलं, "मावशी, पोहे करते. तू खाशील ना?"