मागच्या खुर्चीतली टिटवी

माझ्या भाचीला घरात सगळे टिटवी म्हणतात. लहानपणी तिची टकळी थांबायची नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, मोठी होऊन बाईंनी काम पत्करलं ते तोंड मिटून बसण्याचं! कृत्रिम बुद्धिमत्तेला सगळ्या देशांनी मिळून कोणते नियम घालावेत, याचा ती अभ्यास करते. करारांच्या सभांना जाते, पण बसते आपल्या प्रतिनिधीच्या मागच्या खुर्चीत. बोलायचा हक्क पुढच्याला. हिने चिठ्ठ्या सरकवायच्या. आम्हा नाटकवाल्यांच्या भाषेत, प्रॉम्प्टर. टाळ्या नाहीत, हार नाहीत. पुढचा अडखळला की घाम मात्र हिला.

तिचं सारं उमेदीचं वय एका वाक्यात अडकलं होतं: यंत्राने कुणाला नकार दिला, तर त्याचं कारण माणसाने समोर बसून सांगितलंच पाहिजे. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मेव्हण्यांचा, शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अर्ज यंत्राने फेटाळला, तेव्हा खिडकीमागचा कारकून म्हणाला होता, "कारण मलाही दिसत नाही हो." मेव्हणे वारले. तो 'हो' तिच्या कानात राहिला.

अशा करारात ज्या शब्दांवर एकमत नसतं, ते कंसात ठेवतात. टिटवीचं वाक्य वर्षानुवर्षं कंसातच होतं. या खेपेला कंस निघेल, अशी तिला आशा होती.

परवा ती विमानतळावरून थेट माझ्याकडे आली. बॅग दारातच टाकली. बूटही काढले नाहीत.

"काय गं, पडदा पडला?"

"पडला, मामा. आमच्या साहेबांनीच पाडला."

चिठ्ठीवर तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. वरची सभेसाठी: 'सांगितलंच पाहिजे' यावर आम्ही ठाम आहोत. खालची फक्त साहेबांसाठी: अगदीच अडलं, तर 'शक्य असेल तिथे' चालेल. सलग बैठकांनी पेंगुळलेल्या साहेबांनी दोन्ही ओळी खणखणीत वाचल्या.

"अरे देवा! मग?"

"मग काय! समोरचे म्हणाले, 'शक्य असेल तिथे' आम्हालाही चालेल. निघाला कंस. टाळ्यासुद्धा वाजल्या."

आमच्या कंपनीतल्या राजाने एकदा भर दरबारात 'इथे राजा रडतो' असं गर्जून सांगितलं होतं, ते मी तिला ऐकवलं. ती हसली, पण ओठांपुरतीच.

"तुमचं बरं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग. आमचा दोन वर्षांनी, करार पुन्हा उघडेल तेव्हा."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"नाही सर, रागावले नाही. दमलेय... पुढच्या फेरीला? येईन. हो, म्हटलं ना, येईन. पण चिठ्ठ्या दोन असतील. दुसरी माझ्या हातात राहील, आणि ती कधी द्यायची ते मी ठरवीन."

मी चहा घेऊन आलो, तोवर खुर्चीतच मान टाकून झोपली होती. कपावर बशी झाकली आणि हळूच तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन वर्षं आहेत. झोपू दे.