सारवलेल्या मैदानावरचा हुतुतू

आमच्या गावच्या हुतुतू मंडळाचं मैदान झाडायला कोणी तयार नव्हतं. काटे, वाळकं गवत, गुरांची बसकण. शेजारच्या गावाशी एक शेवटचा सामना खेळायचा आणि मंडळ मोडायचं, असं गड्यांनी ठरवलं. मंडळ टिकावं म्हणून मी एक नीटस योजना मांडली: बायांनी मोहफुलं मैदानावर वाळवावीत आणि त्या बदल्यात ते स्वच्छ ठेवावं.

बायांनी ते इतकं मनावर घेतलं की सामन्याच्या सकाळीच सगळं मैदान शेणानं सारवून टाकलं. पाहुणे येताच एक बाई झाडू घेऊन आडवी आली.

"भाऊ, पाय धुऊन या. आताच सारवलं."

"बाई, आमी खेळाले आलो, पंगतीले नाई," त्यांचा कप्तान म्हणाला.

"घरी बी असेच मातीचे पाय घेऊन चुलीपाशी जाता का?"

दोन्ही संघांनी निमूट पाय धुतले. मग ओल्या पायांनी जो चढाईला जाई, तो हुतुतू म्हणत थेट सीमेपार घसरे आणि त्याला पकडणारेही मागोमाग जात. शेवटी कोण बाद नि कोण आत, हे पंचांनाही सांगता येईना.

शेणानं माखलेला कप्तान बसूनच म्हणाला, "निकाल नाई लागला. पुढल्या महिन्यात पुन्हा येतो."

निकाल लागेपर्यंत मंडळ मोडणार कसं?