चूर्णीकाठी पळणारा एकशे बारा नंबर

दादा आज सकाळी गेला. अंथरुणात गेला, आणि हे त्याला मुळीच आवडलं नसतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विनायक. इथे कलकत्त्यात, सॉल्ट लेकमधले शेजारी त्याला व्हीलचेअरवरचे आजोबा म्हणून ओळखायचे. त्यांना सांगायचंय, हा माणूस पळायचा.

फोन खूप येतायत. तेच तेच सांगून मी थकले आहे. म्हणून इथे एकदाच लिहिते.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, बदली कलकत्त्याला, बिऱ्हाड बेहालाला. दादा कॉलेजात, मी शाळेत.

जॉगिंग हा शब्द आमच्या घरात तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता. आणि दिवस राजकीय खुनांचे, पोलिसांच्या धरपकडीचे; तरुण मुलगा रस्त्यावरून पळताना दिसला की दोनच अर्थ निघायचे. एकतर तो काहीतरी करून पळतोय, नाहीतर कुणीतरी त्याच्या मागे लागलंय.

दादाच्या वर्गातल्या एका मुलाला पोलिसांनी घरातून उचलून नेलं होतं. तो परत आलाच नाही.

एका पहाटे दादाला गल्लीतल्या पोरांनी अडवलं. कुठे पळतोस? कुणाला खबर द्यायला? कसाबसा सुटून आला. आई त्या दिवशी जेवली नाही.

"विनू, पाय मोडून ठेवीन, पण पळू देणार नाही."

"मग मोडच," दादा म्हणाला. "नाहीतरी घरात बसून त्यांचा काय उपयोग?"

तोड बाबांनी काढली. रविवारी सियालदहहून लोकल धरायची, चूर्णी नदीकाठच्या एका गावी उतरायचं आणि तिथे हवं तेवढं पळायचं.

आईची एकच अट. शुभाला बरोबर न्यायचं. दोन वेण्यांची बहीण सोबत असली की मुलावर कोण संशय घेणार!

झालं. माझे सगळे रविवार गेले.

तो रस्ता मला अजून पाठ आहे. स्टेशनमागून तागाच्या शेतांमधून. पावसाळ्यात ताग दादाच्या डोक्यावर जायचा, नुसती पानं हलताना दिसायची. मग बांबूचं बन, वाळक्या पानांवर त्याच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज. मग आमराई. मग नदीचा बांध, थेट नावघाटापर्यंत.

मी जवळच्या वाटेने घाटावर जायचे आणि त्याचा शर्ट मांडीवर घेऊन जांभया देत बसायचे.

पहिल्याच रविवारी अर्धं गाव त्याच्यामागे पळत आलं. "की होयेछे? की होयेछे?" काय झालं, काय झालं! एक जण तर पाण्याची बादली घेऊन. कुठेतरी आग लागल्याशिवाय माणूस असा पळेलच कशाला?

आम्ही घरी येऊन हसत हसत सांगितलं. आई हसली नाही.

"आज बादली घेऊन आले. उद्या काठ्या घेऊन येतील."

तिने जुन्या अभ्र्याचा तुकडा कापला, त्यावर लाल दोऱ्याने आकडा भरला आणि तो दादाच्या बनियनवर शिवला. ११२.

"एकशे बारा का गं?"

"एक नंबर घातला तर एकटाच वाटशील. एवढा मोठा आकडा बघून लोक म्हणतील, शर्यत आहे, मागे पुष्कळ जण आहेत."

आपलं पोर एकटं दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि लोकांना खरंच तसं वाटलं. घाटावर एक म्हातारा नावाडी होता, त्याला आम्ही दादू, म्हणजे आजोबा, म्हणायचो. दादा दिसला की तो टाळ्या वाजवायचा आणि विचारायचा, "बाकीरा कोथाय?"

बाकीचे कुठे?

"पेछोने आश्छे, दादू." मागून येतायत.

आमची गाडी निघायची वेळ झाली तरी दादू बांधाकडे डोळे लावून बसलेला असायचा. आमचा दादा दर रविवारी पहिला येतो याचं त्याला भारी कौतुक.

मग एका रविवारी बांधावर दादाच्या मागून पोलिसांची जीप आली.

त्याला बनियनला धरून घाटावर आणलं. कुणापासून पळतोस? कुणी पाठवलं? भीतीने दादाचं बंगाली पळालं, तो चक्क मराठीत बोलायला लागला. मी शर्ट छातीशी धरून उभी. मला दादाच्या वर्गातला तो मुलगा आठवत होता.

तेवढ्यात दादू तणतणत नावेतून उतरला.

"सोडा त्याला! बाकीचे येऊन पोचतील. तुमच्यापायी पोरगा हरेल!"

साहेबांनी नंबर पाहिला. "बाकीचे कुठे आहेत?"

"मागून येतायत," दादू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा खरंच विश्वास होता.

दादाला सोडलं. साहेब चहा मागवून बाकीच्यांची वाट बघत बसले. आम्ही मिळेल ती लोकल धरली. स्टेशनपर्यंत दादा माझा हात धरून चालला, पळाला नाही.

घरी आम्ही चकार शब्द काढला नाही. पण धुताना आईला बनियन गळ्यापाशी फाटलेलं दिसलं. तिने सुईदोरा काढला. शिवलं, आणि शनिवारी घडी करून त्याच्या उशाशी ठेवलं.

आई गेली, बाबा गेले. दादा पुढेही कित्येक वर्षं पळला, मग चालला, मग पार्किन्सन्स आला. पाय जमिनीला चिकटून बसायचे. फिजिओथेरपिस्ट सांगायची, पलंगापासून बाल्कनीपर्यंत तरी चालवा.

मी बाल्कनीच्या दारात त्याचा शर्ट धरून उभी राहायचे.

"बाकीरा कोथाय?"

तो हसायचा. हसला की पाय सुटायचा. "पेछोने..." म्हणत एक पाऊल टाकायचा.

रोज. कधीकधी तो शर्ट फेकून द्यावासा वाटायचा. माझेही गुडघे सत्तरीचे आहेत.

काल विचारलं तेव्हा तो दाराकडे नुसता बघत राहिला.

आज घर शांत आहे आणि मला झोप येत नाही. श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला सुचत नाहीत.

दादा, तिथल्या घाटावर दादू बसलेला असेल. तो विचारेलच. या वेळी तुला खोटं बोलावं लागणार नाही.

सांग त्याला, बाकीचे मागून येतायत.