बाभळीखालची मरळ

माझे दाजी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर तलावांची पातळी मोजत आले. पाण्याबद्दल त्यांना विचारावं लागत नाही, ते सांगतात. पाणी चढतं तेव्हा मरळ काठाच्या गवतात येते, कारण बेडकं तिथं असतात. पाणी उतरायला लागलं की सगळ्यांत आधी तीच मागं सरते आणि जुन्या नाल्याच्या डोहात जाऊन बसते. टेंभुर्णीजवळच्या त्यांच्या घरी जेवायला बसलं की वरणाच्या आधी ही मरळ वाढली जाते, तोंडी.

दिवाळीत तलाव काठोकाठ भरला होता. काठावरची बाभूळ गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या बुंध्याशी दाजींना चांगली हातभर मरळ सापडली. त्याच सुमाराला माझ्या भाचीला परतूरचं स्थळ आलं. खरं तर ते तिनंच पुण्यात पसंत करून परतूरमार्गे घरी पाठवलं होतं. मुलाचे वडील गळाचे शौकीन निघाले. दाजींनी त्यांना फोनवर शब्द दिला, बैठकीला या, बाभळीखाली तुमच्यासमोर मरळ काढतो. तेही हसून म्हणाले, मरळ निघाली तर बैठक पक्की समजा. सोयरिकीत थट्टा फार जपून करावी. तिथं ती नेमकी खरी धरली जाते. भाचीनं मला फोन करून एवढंच विचारलं, "मामा, माझं लग्न आता मासा ठरवून राह्यला का?"

पाहुणे यायला फाल्गुन उजाडला. तोवर गव्हाला कालव्याचं पाणी सुटलं होतं आणि तलाव हाकेच्या अंतरावर मागं गेला होता. उघड्या पडलेल्या गाळात कुणीतरी काकडी लावली होती. बाभूळ कोरड्या जमिनीवर शेळ्यांना सावली देत उभी होती. दाजींना हे दिसत नव्हतं असं नाही, ते रोज सकाळी बघत होते. पण शब्द बाभळीचा दिला होता. पाणी उतरलं म्हणून माणसानंही उतरावं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

ठरल्या रविवारी बाभळीखाली सतरंजी आणि खुर्च्या आल्या. मुलाचे वडील नवीकोरी रीळवाली काठी घेऊन, जागोजागी खिसे असलेलं जाकीट घालून आले. त्यांनी समोर पाहिलं. समोर काकडी होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. बैठकीत मुलीच्या मामाला दुसरं काम नसतं. पण मुलीच्या बापानं दाखवलेल्या जागेला पहिल्याच भेटीत नाव कसं ठेवायचं?

"जागा लाजवाब आहे, पाहुणे," ते म्हणाले आणि बसले.

दाजींनी गळ फेकला. गळाला लावलेली छोटी मासळी काकडीच्या पानावर तडफडली. त्या बाभळीखालून त्या सकाळी दिसलेला तो एकमेव मासा. पाहुण्यांनीही फेकला, काठी महागाची असल्यामुळे तो चार वेल पुढं पडला. मग दोघं दोरीकडे बघत बसले. मी खोकलो, तर मरळ फार सावध असते म्हणून दाजींनी मला गप्प केलं. वाऱ्यावर बोलणं झालं, ढगांवर झालं, पाण्यावर कुणी बोललं नाही.

ऊन चढत गेलं तसं पाहुण्यांचं तोंड आंबट झालं. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं. परतूरला वेळेत पोचायचं आहे, बैठकीचं पुढं बघू, असं म्हणाले. 'पुढं बघू'चा अर्थ मुलीकडच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. दाजींचा हात काठीवर तसाच राहिला.

भाची चहा घेऊन आली होती. तिनं ते ऐकलं. ट्रे तिनं माझ्या हातात दिला.

"काका, इथं ऊन येऊन राह्यलं," ती अदबीनं म्हणाली. "तुमची खुर्ची जरा सावलीत घेते."

आणि त्या अख्ख्या माळावरच्या एकुलत्या एक सावलीतून तिनं खुर्ची उचलली, काकडीतून वाट काढत थेट नाल्याच्या डोहाशी नेली आणि रणरणत्या उन्हात मांडली. होणारी सून अदबीनं खुर्ची हलवते म्हटल्यावर सासऱ्यानं काय म्हणायचं? ते काठी घेऊन मागोमाग गेले. दाजीही गेले, चहाचा ट्रे सांभाळत मीही. चिखलात दोघांचे बूट रुतले, पण सावली छान आहे यावर दोघांचं एकमत झालं.

चहा निवायच्या आत पाहुण्यांच्या काठीला हिसका बसला. मरळ दिवाळीतल्या मरळीपेक्षा मोठी होती. दाजींनी तेवढं गिळलं. पाहुणे घामानं निथळत होते, जाकिटाचे सगळे खिसे चिखलानं भरले होते.

"मानलं तुम्हाला, इवाई," ते म्हणाले.

सकाळपासूनचे 'पाहुणे' आता इवाई, म्हणजे व्याही झाले होते. म्हणजे सोयरीक ठरली. भाचीनं मान खाली घालून रिकामे कप गोळा केले.

जेवताना मी पंगतीत मधेच बसलो होतो. दोन्ही व्याही मंडळींना सांगत होते, की मरळ बाभळीखालीच निघाली. रस्सा वाढला जाईल तसं बाभळीखालचं पाणी चढत गेलं. आधी घोट्याएवढं होतं, दुसऱ्या वाढीला कमरेला लागलं. रस्सा भाचीच वाढत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी हळूच विचारलं, तू काही बोलणार आहेस की नाही?

तिनं माझ्या ताटात मरळीचा तुकडा वाढला.

"अक्षता पडू द्या, मामा. मंग सांगते पाणी कुठं होतं ते."